मागे घेतलेला पेपर

गेल्या महिन्यात आमच्या जुन्या कॉलेजातून फोन आला. बोलणारी प्राध्यापिका नवीन होती, नम्र होती. निवृत्त प्राध्यापकांवर एक पुस्तिका काढतोय, तुम्ही मॅडमच्या विद्यार्थिनी, तेव्हा त्यांचं अर्धं पान तुम्ही द्या, असं म्हणाली. मी आनंदाने म्हटलं, लिहिते. तर ती म्हणाली, लिहायचं काही नाही, फॉर्म पाठवते, त्यात आकडे भरा. एकूण पेपर किती, एकूण सायटेशन किती, त्या दोन्हींवरून काढलेला एच-इंडेक्स किती. आणि एक फोटो.

मी फॉर्म भरलेला नाही. भरणारही नाही. हे लिहितेय ते त्या फॉर्मच्या रागावर, हे आधीच सांगून टाकते.

सायटेशन म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळं वाटोळं त्याच शब्दाने केलं. एखाद्याने संशोधनाचा पेपर छापला आणि पुढे दुसऱ्या कुणी आपल्या पेपरात त्याचा आधार घेऊन तसा उल्लेख केला, की ते पहिल्याच्या नावावर एक सायटेशन. मूळ हेतू चांगला होता. कुणाचं काम कुणाच्या उपयोगी पडलं ते कळावं, एवढाच. मग कुणीतरी ते मोजायला लागलं. मोजून माणसांना क्रम लावायला लागलं. आणि आता काम कुणी बघतच नाही, क्रम तेवढा बघतात. मॅडमचे तीस वर्षांत एकोणीस पेपर. आमच्या विभागप्रमुखांचे त्याच काळात दोनशेच्या वर. फॉर्मला एवढंच कळतं.

मॅडम संभाजीनगरजवळच्या करमाडच्या. घरी शेती, मोसंबीची बाग, भाऊ अजून ती बघतो. त्या शिकत शिकत हैदराबादला गेल्या, मेंदूच्या पेशींमधल्या प्रथिनांवर डॉक्टरेट केली, आणि तिथे राहता येत असताना परत येऊन संभाजीनगरात आमच्या कॉलेजात शिकवायला लागल्या. बाहेर एवढी वर्षं काढली तरी बोलणं करमाडचंच राहिलं. परदेशी पाहुण्याशी सुरेख इंग्रजी बोलायच्या आणि त्याच दमात आमच्याकडे वळून, "ते सेंट्रिफ्यूज बंद कर गं, लई वाजायलंय," म्हणायच्या. विभागातल्या काही लोकांना याची लाज वाटायची. त्यांना लाज वाटतेय हे मॅडमना ठाऊकही नव्हतं.

त्यांचा एक प्रश्न ठरलेला होता. आपण काहीही सांगायला गेलो, अमक्या पुस्तकात असं दिलंय, तमक्या शास्त्रज्ञाने तसं दाखवलंय, की त्या मान तिरकी करून विचारायच्या, "तू बघितलं का?" नाही म्हटलं की, "मग त्यानं बघितलं असं म्हण." व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकालाही त्यांनी हे विचारलं होतं. तो परीक्षक पुन्हा आमच्याकडे आला नाही.

दुसरी सवय चिठ्ठ्या झाकायची. कुठल्याही प्रयोगाचा निकाल बघताना कोणता नमुना कुठला हे बघणाऱ्याला कळता कामा नये, हा त्यांचा नियम. सगळ्या नळ्यांवरच्या चिठ्ठ्यांना कागदी पट्टी चिकटवायची, वर नुसते आकडे टाकायचे, आणि ज्याने प्रयोग केला नाही त्याने निकाल वाचायचा. माणसाला जे दिसायला हवं असतं तेच दिसतं, असं त्या म्हणायच्या. हे सगळेच शिकवतात. मॅडम ते चहालाही लावायच्या. कॉलेजच्या गेटवर चहाच्या दोन गाड्या होत्या. डाव्या गाडीचा चहा चांगला, यावर मॅडम वर्षानुवर्षं भांडायच्या. एकदा आम्ही दोन्हीकडचा चहा आणला, कपांच्या बुडाला खुणा केल्या, आणि त्यांना दहा वेळा चव घ्यायला लावली. त्यांनी बहुतेक वेळा चांगला म्हणून उजव्या गाडीचा कप उचलला. कप उलटे करून त्यांनी खुणा नीट तपासल्या, बरं म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून उजव्या गाडीवर जायला लागल्या. आम्हाला हसू आवरत नव्हतं. त्यांना त्यात हसण्यासारखं काय आहे ते समजलं नाही.

नाव आणि तारीख नसलेली बाटली दिसली की त्या ती सरळ बेसिनमध्ये ओतायच्या, मग ती कुणाचीही असो. एकदा स्टाफरूमच्या फ्रीजमधला बिनचिठ्ठीचा डबा त्यांनी असाच उचलून रिकामा केला आणि मग दुपारी लक्षात आलं की तो त्यांचाच होता. त्या दिवशी आम्ही आमच्यातली पोळी देऊ केली तर घेतली नाही. चिठ्ठी लावली नव्हती ना, म्हणाल्या.

आणि ज्या प्रयोगाला त्यांचा हात लागला नाही त्या पेपरवर त्या आपलं नाव घालू द्यायच्या नाहीत. विद्यार्थी त्यांचा, खोली त्यांची, रसायनं त्यांनी मिळवलेली, तरी नाही. मी स्वतः त्यांना दोनदा विनवलं होतं. त्यांचे एकोणीस पेपर का, याचं हे अर्धं उत्तर. विभागप्रमुखांच्या दोनशेचं उत्तर याच्या बरोबर उलट होतं. विभागात कुणीही काहीही छापलं की सरांचं नाव शेवटी असायचंच. शिवाय आसपासच्या चार-पाच कॉलेजांतले त्यांचे मित्र आणि सर एकमेकांचे पेपर आपापल्या पेपरांत उद्धृत करायचे. व्हॉट्सअ‍ॅपवर यादी यायची, पुढील लेखांचा उल्लेख आवर्जून करावा, अशी. सर वाईट बोलायचे नाहीत, आवाज चढवायचे नाहीत, कुणाच्या घरी आजारपण असलं तर सगळ्यांत आधी पोचायचे. म्हणून तर त्यांच्यावर रागावणंही कठीण होतं. मी आता ते शिकलेय.

आमचं काम बकऱ्याच्या मेंदूवर चालायचं. मेंदूच्या पेशींना लांबच लांब फांद्या असतात, आणि त्या फांद्यांच्या आत बारीक नळ्यांचा सांगाडा. प्रयोगशाळेत ऊब दिली की त्या नळ्या जुळतात, गार केलं की सुटतात. त्यांना धरून राहणारी काही प्रथिनं असतात. मॅडमचं आयुष्य या नळ्यांत गेलं. मेंदू अगदी ताजा लागतो, म्हणून सकाळी सहाला मॅडम स्कूटी घेऊन निघायच्या, मी मागे थर्माकोलचा बर्फाचा डबा मांडीवर धरून. सिल्लेखान्यातल्या एका मटणाच्या दुकानात चाचा आमच्यासाठी भेजे बाजूला काढून ठेवायचे. बकरं केव्हा कापलं, वयाने केवढं होतं, हे मॅडम त्यांना विचारून लिहून घ्यायच्या, आणि चाचाही नीट आठवून सांगायचे. त्यांना या कामाचा अभिमान होता. एकदा त्यांनी विचारलं, "इत्ते साल से भेजा ले जा रै आप. कुछ मिला क्या?" मॅडम म्हणाल्या, मिला तो पैले तुमको बताती.

आणि एकदा मिळालं. चार वर्षं घासल्यावर मला दिसलं की एक प्रथिन गार केल्यावरही त्या नळ्यांना सोडत नाही. तोपर्यंत ते तिथे असतं हेच कुणाला माहीत नव्हतं. प्रथिन ओळखायला आम्ही एक विकतची अँटिबॉडी वापरली होती. प्रथिनं जेलच्या थरातून धावतात, हलकं ते जास्त खाली; मग अँटिबॉडी फक्त आपल्या प्रथिनाला चिकटते आणि तिथे काळा पट्टा उमटतो. पट्टा सुरेख उमटत होता. मॅडमनी तो चिठ्ठ्या झाकून तिघांकडून वाचून घेतला. पेपर चांगल्या मासिकात छापून आला. नावं दोनच. पहिलं माझं, दुसरं त्यांचं. शेवटी आभारात चाचांचं नाव होतं. मॅडमनी छापील प्रत नेऊन दिली, चाचांनी ती लॅमिनेट करून गल्ल्याच्या वर भिंतीवर लावली.

पेपर चालला. दर आठवड्याला कुठून ना कुठून त्याचा उल्लेख व्हायचा. सरांनी विभागात पेढे वाटले. कॉलेजच्या गेटवर फ्लेक्स लागला, त्यावर मॅडमचा फोटो लहान आणि संस्थेच्या अध्यक्षांचा मोठा. मॅडम प्रोफेसर व्हायच्या राहिल्या होत्या, त्यांची मुलाखत आली. माझी तात्पुरती नोकरी होती, त्याच विभागात कायमची जागा निघाली. सगळं जुळून आलं होतं.

तेव्हा केरळातल्या एका तरुण संशोधकाची ईमेल आली. फार अदबीने लिहिलं होतं. तुमचा प्रयोग मी तीनदा केला, मला तो पट्टा दुसऱ्या अँटिबॉडीने दिसत नाही, माझं कुठे चुकतंय ते सांगाल का, असं. अशा ईमेल सगळ्यांना येतात. लोक महिनाभर उत्तर देत नाहीत, मग एक ओळ पाठवतात की काळजीपूर्वक करून बघा. मॅडमनी हातातलं सगळं थांबवलं. दुसऱ्या दिवशी सहाला आम्ही सिल्लेखान्यात होतो.

पाच आठवडे आम्ही तोच प्रयोग पुन्हा केला. दुसरी अँटिबॉडी मागवली, पट्टा नाही. तिसरी मागवली, नाही. शेवटी तो पट्टा कापून मॅडमनी हैदराबादला ओळखीच्या प्रयोगशाळेत पाठवला. तिथल्या यंत्राने सांगितलं, हे तुमचं प्रथिन नव्हेच. जवळजवळ तेवढ्याच वजनाचं दुसरं, सगळ्यांना आधीपासून माहीत असलेलं. आमची अँटिबॉडी चुकून त्याला चिकटत होती. चिठ्ठ्या झाकून तिघांनी वाचलेला पट्टा खरा होता. त्याचं नाव खोटं होतं.

हैदराबादचं पत्र मॅडमनी दोनदा वाचलं आणि वहीत चिकटवलं. मग म्हणाल्या, मागं घ्यायचा.

पेपर मागे घेणं म्हणजे मासिकाला लेखी कळवणं, की यातला निष्कर्ष चूक आहे, तो वाचकांनी धरू नये. मासिक मग तसा शिक्का मारतं. त्यावर सगळ्या लेखकांच्या सह्या लागतात. मुलाखतींना तीन आठवडे राहिले होते.

सर स्वतः आमच्या खोलीत आले. दार लावून बसले. मॅडमच्या प्रामाणिकपणाचं त्यांनी मनापासून कौतुक केलं, आणि मग म्हणाले, "मॅडम, महिनाभरात सत्य बदलणार आहे का? मुलाखती होऊ द्या, मग पाठवा. स्वतःचा नाही तर या पोरीचा विचार करा."

मॅडम म्हणाल्या, "महिनाभरात आणखी दहा जण त्याच्यावर काम सुरू करतील, सर. त्यांनी काय केलंय?"

सर गेल्यावर मी बोलले. आजवर मी त्यांच्यासमोर कधी आवाज चढवला नव्हता. मी म्हटलं, "तुमचं आयुष्य झालं, मॅडम. माझं सुरू व्हायचंय." त्यांनी ऐकून घेतलं. "व्हय, खरंय ते," म्हणाल्या. एवढंच. समजावलं नाही, आग्रह केला नाही. अर्ज तयार करून माझ्या टेबलावर ठेवला. वरची ओळ कोरी होती, कारण पेपरवर पहिलं नाव माझं. खालची ओळही कोरी होती. माझ्या आधी त्या सही करणार नव्हत्या.

आठ दिवस तो कागद तिथे होता. मी त्याच्या आजूबाजूला काम करत राहिले. मॅडमनी एकदाही विचारलं नाही, आणि त्याचा मला त्यांच्या बोलण्यापेक्षा जास्त राग यायचा. आठव्या दिवशी मी माझी अगदी सुरुवातीची वही काढली, हे सिद्ध करायला की आमचं बरोबर होतं. पहिल्याच पानावर तो पट्टा होता, केसभर खाली. जिथे असायला हवा त्याच्या केसभर खाली. आणि बाजूला माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, जेल नीट धावलं नाही. म्हणजे मला तेव्हा दिसलं होतं. मी त्याला एक कारण देऊन पान उलटलं होतं. हे मी मॅडमना कधी सांगितलं नाही. इथे पहिल्यांदा लिहितेय.

मी सही केली. एवढ्या रागाने केली की पेन कागदातून आरपार गेलं. तो कागद त्यांच्या टेबलावर टाकला. त्यांनी खाली सही केली, उजेडात धरून बघितला आणि म्हणाल्या, "फाटलंय इथं. स्कॅन नीट येतंय का बघ."

त्यांच्या मुलाखतीत काय झालं ते चहा घेऊन आत गेलेल्या शिपाईमामांनी आम्हाला सांगितलं. बाहेरून आलेल्या एका तज्ज्ञाने फाइल चाळत विचारलं, तुमचा सर्वाधिक उल्लेख झालेला पेपर कोणता. मॅडम म्हणाल्या, तो मागे घेतलाय. का? चूक होता म्हणून. तज्ज्ञ हसला, फाइल मिटवत म्हणाला, मग उरलं काय, मॅडम? मॅडम म्हणाल्या, "जे उरलं ते बरोबर आहे."

त्यांना प्रोफेसर केलं नाही. पुढेही केलं नाही. ज्या समितीने त्यांना नाकारलं तिच्यातल्या एकाही माणसाने त्या उरलेल्या अठरांपैकी एक पेपर उघडून वाचला असेल, असं मला वाटत नाही. वाचायची गरजच ठेवलेली नाही. त्या वर्षी सर मात्र डीन झाले, गेटवर नवा फ्लेक्स लागला.

माझी जागा दुसऱ्याला मिळाली. मुलाखतीत मला विचारलं गेलं, तुमच्या नावावर एक मागे घेतलेला पेपर दिसतोय, काही गैरप्रकार होता का? ज्यांनी आयुष्यात काहीच मागे घेतलं नाही त्यांना हा प्रश्न कधी येत नाही. मी कन्नड या तालुक्याच्या गावी एका कॉलेजात लागले. सामान घेऊन एसटीत बसले त्या दिवशी मॅडम भेटायला आल्या नव्हत्या. नंतर कळलं, त्या दिवशी त्या सिल्लेखान्यात गेल्या होत्या, चाचांना सांगायला. पेपर चूक निघाला, तुमचं नाव त्यात आहे, म्हणून सांगायला आले, असं त्यांनी सांगितलं. चाचा स्टुलावर चढले आणि त्यांनी भिंतीवरची ती लॅमिनेट केलेली प्रत उतरवली. संबंध शहरात तो पेपर जिथून उतरला अशी ती एकच भिंत.

कारण बाकीच्या जगाने तो उतरवलाच नाही. मासिकाने शिक्का मारला होता, पण शिक्का वाचतो कोण? लोक एकमेकांच्या याद्यांमधून नावं उचलतात. मागे घेतल्यावरही त्याचा उल्लेख होत राहिला, पहिल्यापेक्षा जास्तच. मॅडमना हे कळलं तेव्हा त्यांनी शनिवार ठरवून टाकला. दर शनिवारी सकाळी त्या कॉम्प्युटरसमोर बसायच्या, त्या आठवड्यात कुणी कुणी पेपरचा आधार घेतलाय ते शोधायच्या, आणि प्रत्येकाला पत्र पाठवायच्या. त्यांच्याकडे यादी होती. ज्याने दुरुस्ती केली त्याच्या नावावर काट, नाही त्याला तीन महिन्यांनी पुन्हा पत्र. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एकाने लिहिलं, उल्लेख वाढतोय तर तुमचाच फायदा आहे, तक्रार कसली करता?

कॉलेजला दर्जा द्यायला बाहेरून समिती आली, तेव्हा माजी विद्यार्थिनी म्हणून मलाही बोलावलं होतं. सभागृहात पडद्यावर एकेक चित्र सरकत होतं. त्यात एक आलं, महाविद्यालयाचा सर्वाधिक उद्धृत शोधनिबंध. आमचाच. ज्याच्यामुळे मॅडमना प्रोफेसर केलं नाही, तोच पेपर त्या पडद्यावर कॉलेजचं भूषण म्हणून झळकत होता. मागच्या रांगेतून मॅडम उठल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "हा आम्ही मागं घेतलाय. यादीतून काढा." सरांनी माइक हातात घेतला, हसले, आणि समितीकडे वळून म्हणाले की मॅडम फार विनयशील आहेत, आमच्या कॉलेजचे हेच संस्कार आहेत. टाळ्या पडल्या. सगळ्या सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मॅडम उभ्याच होत्या, आपलं बोलणं ऐकू आलं नाही की काय, अशा चेहऱ्याने. पुढचं चित्र आलं.

मी तिसऱ्या रांगेत होते. माझं नाव त्या पेपरवर पहिलं होतं. मी उठले नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी एकच मागणी केली होती. डीप फ्रीझर वर्षभर चालू ठेवा, शेवटच्या विद्यार्थिनीचं काम पुरं होईपर्यंत. सर हो म्हणाले. मे महिन्याच्या सुट्टीत कुणीतरी ती खोली नव्या कक्षासाठी रिकामी करायला घेतली आणि प्लग काढला. मुद्दाम काढला असं मी म्हणत नाही. त्या फ्रीझरमध्ये काय आहे हे विचारावं असं कुणाला वाटलं नाही, एवढंच म्हणते. संभाजीनगरच्या मे महिन्यात तीस वर्षांचे नमुने वितळले. मॅडमनी मला बोलावलं होतं. वासाने खोलीत उभं राहवत नव्हतं. त्या एकेक नळी उचलून चिठ्ठी वाचायच्या, नाव आणि तारीख सांगायच्या, मी लिहायची, मग ती पिशवीत टाकायची. दोन दिवस लागले. मी म्हटलं, मॅडम, सगळंच गेलंय, कशाला लिहायचं? काय गेलं ते तरी बरोबर पाहिजे, म्हणाल्या.

मग त्या करमाडला भावाकडे राहायला गेल्या. मी इकडे कन्नडला. फोन कमी होत गेले.

आता माझ्यावर येते. सरांवर आणि समित्यांवर एवढं लिहिल्यावर इथे थांबले तर मॅडमची विद्यार्थिनी म्हणवून घ्यायला नको.

दोन वर्षांपूर्वी माझी बढती निघाली. फॉर्म आला, तोच फॉर्म. पेपर कमी पडत होते, उल्लेख त्याहून कमी. आमच्या प्राचार्यांनी सुचवलं की एखादा आढावा-लेख लिहा, त्याला प्रयोग लागत नाहीत, लवकर छापणारी मासिकं असतात, त्यात तुमच्या जुन्या पेपरांचे उल्लेख घाला, तेवढेच आकडे सुधारतील. मी दोन आठवड्यांत आढावा लिहिला. शेवटच्या यादीत माझे सगळे जुने पेपर घातले. तो पण. मागे घेतल्याचा शब्दही न काढता. हात आपोआप गेला, असं म्हणणं खोटं ठरेल. मी थांबले होते, त्या ओळीकडे पाहिलं होतं, आणि सगळं जग घालतंय तर मीच का नको, असं मनाशी म्हणून पुढे गेले होते.

छापून आल्यावर दुसऱ्याच शनिवारी कॉलेजच्या ईमेलवर पत्र आलं. इंग्रजीत होतं, सगळ्यांना जायचं तेच, एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. वर माझं नाव, हुद्दा, कॉलेजचा पत्ता. मी ते कधी वाचलं नव्हतं. त्या शनिवारी पत्रं लिहितात एवढंच माहीत होतं. मराठीत सांगायचं तर असं होतं:

"आपण आपल्या लेखात आमच्या ज्या पेपरचा आधार घेतला आहे, त्याचा निष्कर्ष चूक आहे. चूक आमची होती, अँटिबॉडी तपासून घेण्यात मी कमी पडले. तो आम्ही मागे घेतला आहे. त्या वेळी माझ्या विद्यार्थिनीची नोकरी त्या पेपरवर अवलंबून होती. मागे घेण्याच्या अर्जावर पहिली सही तिची आहे. कृपया आपल्या लेखात दुरुस्ती करावी."

मी स्टाफरूममध्ये बसले होते. बाजूला कुणीतरी हजेरीपट मागत होतं. पहिली सही माझी होती, हे खरं. मॅडम खोटं लिहिणाऱ्या नव्हत्या. आठ दिवसांबद्दल त्यात काही नव्हतं, फाटलेल्या कागदाबद्दल नव्हतं, मी काय बोलले होते त्याबद्दल नव्हतं. आणि मी कन्नडला बसून त्यांच्यामुळे माझं वाटोळं झालं असं लोकांना सांगत होते, त्या सगळ्या शनिवारी हे वाक्य कुठल्या कुठल्या देशांत जात होतं.

त्याच दुपारी मी मासिकाला दुरुस्ती पाठवली. प्राचार्यांना जाऊन सांगितलं की तो आढावा माझ्या फॉर्ममधून काढा. एका उल्लेखासाठी एवढं कशाला, असं त्यांनी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मला इतका राग आला की मी स्वतःच ते पान फाइलमधून ओढून काढलं. बढती राहिली. अजूनही राहिलेलीच आहे.

संध्याकाळी करमाडला फोन लावला. काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं, क्षमा मागायची होती, जुनी वही सांगायची होती. त्यांनी फोन उचलला तेव्हा मागे पाण्याची मोटार चालू असल्याचा आवाज येत होता.

"मॅडम, तुमचं पत्र मिळालं," मी म्हटलं.

"बरं."

"दुरुस्ती पाठवली मी."

"छापून आली का?"

"अजून नाही."

"मग आली की कळव," त्या म्हणाल्या. "तवा काट मारते तुझ्या नावावर. तोवर ऱ्हाऊ दे यादीत."

आणि त्यांनी फोन ठेवला.